दामूकाकांचं गाऱ्हाणं

शांत वाटावं म्हणून कोकणात जा, असं मला पुन्हा कोणी सांगू नका. गेलो होतो की! बुरोंडीच्या अलीकडे दामूकाकांच्या शेतघरात दोन दिवस राहिलो. सकाळी गरम घावणे, समोर आंब्याची बाग, बायको खूश. मी मात्र पाच मिनिटं एका जागी बसेन तर शपथ. महिन्यापूर्वी माझी नोकरी गेली होती आणि तिला सांगायची हिंमत झाली नव्हती. घरी असताना रोज ऑफिसला म्हणून डबा घेऊन निघायचो आणि सार्वजनिक बागेतल्या बाकावर बसून खायचो.

काकांकडे रेंज फक्त गोठ्यामागच्या कातळावर. दर अर्ध्या तासाने मी तिथे उभा राहून मित्राला ओरडून विचारायचो, "कुठे जागा आहे का रे? हिला अजून माहीत नाही!"

"परत चाललास?" बायको विचारायची.

"ऑफिसचं काम."

गोठ्यात काका गायीची धार काढत असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

निघताना काकांनी देवापुढे नारळ ठेवला. घरची सगळी हात जोडून उभी राहिली, त्यांच्यात मी आणि माझ्या शेजारी बायको. काकांनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पाव्हणे सुखरूप घरी पोचू देत!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"ह्यांची नोकरी गेली हाय, दुसरी मिळू दे!"

"व्हय म्हाराजा!"

मी बायकोकडे न बघता नारळाकडे बघत राहिलो.

"आणि बायकोला सांगायचा धीर ह्यांना दे!"

मी डोळे गच्च मिटले. तेवढ्यात माझ्या शेजारूनच सगळ्यांत मोठा आवाज आला, "व्हय म्हाराजा!"