भाड्यात सगळं धरून

हॅलो?… हॅलो, बेबी? अगं बोल, बोल… नाही, जेवायला कुठली बसतेय, आत्ताच दुकानातून आले. चप्पल पायात आहे अजून… हो, पडदेच. आज एका हॉटेलचे आले होते, शिवता शिवता मान मोडून आली… ते राहू दे. बरं झालं तूच फोन केलास. काम होतं तुझ्याशी. आधी हसणार नाहीस म्हण… म्हण ना… हं.

तर तू माझ्याकडे राहायला आली आहेस.

अगं, तूच! गेल्या आठवड्यापासून… वेड नाही लागलं मला, ऐक तरी! सकाळी घरमालक आले होते… हो, तेच, खालच्या मजल्यावरचे, मफलरवाले. म्हणाले, "बाई, करार एका माणसाचा झालाय. वर दुसरं कोण राहतं?"… कोण राहणार? कोणी नाही! पण त्यांचंही खरं आहे गं. मी दिवसभर दुकानात, आणि वर दिवा जळतोय, रेडिओ चालू. त्यांना खाली ऐकू येतं सगळं.

माझा कुठला मीटर? वीज, पाणी, गॅस, सगळं भाड्यातच धरलेलं. म्हणून तर घेतली ना ही जागा. ह्यांनी कधी बिलाचा कागद माझ्या हाती लागू दिला नाही. ते गेल्यावर जुन्या घरी वीज तोडून गेले होते, आठवतं?… हो, आणि मी समजत होते सगळ्या गल्लीचीच गेलीय.

नाही गं, विसरून नाही राहत दिवा… मुद्दामच…

मुद्दाम म्हणजे… आता कसं सांगू तुला. संध्याकाळी कोपऱ्यावरून वळलं की माझी खिडकी दिसते. ती अंधारी असली ना, की पाय पुढे पडत नाही. एकदा तशीच मागे फिरले आणि दुकानाच्या मालकिणीशी उगाच बोलत उभी राहिले, ती बिचारी कुलूप हातात घेऊन ताटकळत. दिवा लावून गेलं की वाटतं, आहे वर कोणीतरी. आणि रेडिओवर बातम्या लागल्या असल्या तर फारच बरं…

हॅलो?… आहेस ना? मला वाटलं कट झाला.

हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? बहीण आलीय म्हणून बोलून गेले. तर म्हणाले, "संध्याकाळी येतो, ओळख करून द्या." आज कसंतरी टाळते, पण तू रविवारी ये ना… हो, गुडघे, माहितीय मला… नातवाची परीक्षा? पण सूनबाई आहे ना घरात?… बरं… बरं, समजलं… नाही गं, राग कसला.

थांब, बेल वाजली. तेच असतील. ठेवू नकोस हं!

या ना, काका… बहीण?… ती… काका, ती आलीच नाहीये. खोटं बोलले मी… नाही हो, दुसरंही कोणी नाही. बघा ना आत येऊन. ही एक खोली, ते स्वयंपाकघर… दिवा मीच ठेवते. घरात शिरताना उजेड असावा म्हणून… हो, रेडिओपण… हो, तेवढ्यासाठीच.

काका, जागा मात्र सोडायला नका सांगू… काय?… सहाच्या सुमाराला येते मी… तुम्ही? तुम्ही वर येऊन दिवा लावणार?… अहो, जिना चढायचा त्रास कशाला… बरं, दिवसभर वीज वाया नाही जाणार, तेही खरं… रेडिओपण?… थांबा, दुसरी किल्ली देते… नाही, कोणाकडे नसते. बहिणीसाठी करून ठेवली होती. घ्या… सांभाळून उतरा. पायरी उंच आहे शेवटची.

हॅलो? ऐकलंस?… हो, दिली किल्ली… अगं, ऐंशीच्या पुढचे आहेत ते, काहीतरीच काय!… नाही सांगितलं तुला, कारण… काय सांगायचं, बेबी? तुझ्याशी फोनवर बोलताना मी बरी असते.

रडतेस कशाला?… हो… हो, जमेल तेव्हा ये. तू यायची ठरलीस की करून घेऊ आणखी एक किल्ली… नाही, नाही, घाई काही नाही… हो, जेवते आता. ठेव तू… नाही, आधी तू ठेव… नाही गं, मला नाही जमत आधी ठेवायला. तू ठेव.

…

ठेवलास?