बत्तीस नंबरचा पंच

— मंग राजीनाम्यात कारण काय लिहू? 'व्हिडिओ पाह्यला' असं लिहू? बस, धम्मपाल. बारा वर्षं झाली माझ्या हाताखाली लेथ चालवून राह्यला, आन आज मोबाईलवरच्या एका व्हिडिओपायी नोकरी सोडायला निघाला. दाव बरं परत. हं — पडलेली शाळा, ढिगाऱ्यात उभा माणूस, हातात आपली रिंग, बॉम्बच्या शेपटीची. रिंगवर बत्तीस. तुझाच नंबर, न्हाई कोण म्हणतं? ज्यानं रिंगला आटे पाडले त्यानं आपला पंच, म्हंजे नंबराचा लोखंडी शिक्का, ठोकायचा, ही इथली रीतच हाये — माल वापस आला तर कुणाची मान धरायची ते कळावं म्हणून. पण एकोणीस लेकरं मेली म्हणून कुणी माल वापस करत नसतं, येड्या.

कुणी मारली म्हणतो? मालकानं नुस्ता माल इकला. वरून सोडला त्यानं हुकूम पाळला. हुकूम देणाऱ्यानं शाळा पाह्यलीबी नसंल. मी? मी सुपरवायझर, गेज लावून माप बघतो आन 'पास' लिहितो. मंग उरलं कोण? ज्याचा नंबर, तो. आन तसं पाह्यलं तर तो बॉम्ब शाळेवर पडायचाच नव्हता — आटे तिरपे असले की शेपटी हालती, मंग जातो कुठंबी. त्या लॉटचे समदेच तिरपे होते, मशीनच बिघडली होती — तुला कसं ठाव असंल, तू तर तवा बायकोच्या, बेबीनंदाच्या, बाळंतपणाला आठ दिवस घरी —

काय बघतो असा?

हां. तू नव्हता म्हणून तुझ्या लेथवर मीच आटे पाडले, आन मीच ठोकला तुझा पंच. ट्रक फाटकात उभा, मालकाचे फोनावर फोन, आन तिरप्या मालावर माझा नंबर मारून माझी नोकरी घालवू का? तू माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेल्ता, हाताशी होता, ठोकला. मला वाटलं कुठंतरी गोदामात गंजत पडतील. रडू नको, इथं कुणी मेलं न्हाई.

रजेचा अर्ज? तो मी फाडला. हजेरीवर तू आठही दिवस हजर हायेस, पूर्ण पगार घेतला. उलट पोरगी झाली म्हणून साक्षीचे पेढे आणून दिल्ते मला, खूश होऊन, साहेबांनी रजा मांडली न्हाई म्हणून. चांगले होते पेढे. जा, सांग आता कुणाला सांगायचं ते.

राजीनामा घेतला तुझा. नीघ, बदनापूरची गाडी चुकंल.

थांब. पंच कुठं खिशात घालून राह्यला? कंपनीचा हाये तो. ठेव टेबलावर, उद्या लॉट काढायचाय.