मोबाईल बॅच

माझं गाव हिंगोली जिल्ह्यातलं, कळमनुरीच्या पुढं आतमध्ये, नाव नका लिहू ताई तुमच्या सर्व्हेच्या फॉर्मात, दादांच्या कानावर जायचं. दादा म्हणजे माझे वडील, आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची शाळा मोठ्या गावात, आणि जायला एकच सोय, मुक्कामाची एसटी. संध्याकाळी यायची, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, आणि सकाळी आम्हा पोरांना भरून घेऊन जायची. मी नववीत असताना ती गाडी बंद झाली. का झाली ते काही कळलं नाही, कुणी म्हणलं रस्ता खराब, कुणी म्हणलं उत्पन्न नाही. पोरं सायकली मारत जायला लागली, पोरींना कोण पाठवतंय एवढ्या लांब, झालं, गाडी सुटली तशी माझी शाळा सुटली. रडले-बिडले नाही हां ताई, खोटं कशाला सांगू, उलट बरंच वाटलं, म्हणलं गणित सुटलं.

पण आमच्या गावात एक उपकेंद्र आहे, म्हणजे इमारत आहे, कुलूप आहे, माणूस नाही. लसीच्या दिवशी तेवढ्या एक नर्सबाई स्कूटीवर यायच्या, खांद्याला तो निळा डबा. त्या आल्या की सरपंच स्वतः खुर्ची पुसायचे. आमच्या गावात बाईमाणसासाठी कुणी खुर्ची पुसलेली मी दुसऱ्यांदा बघितली नाही. तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलं. पण शाळा सुटलेल्या पोरीनं असलं काही बोलायचं नसतं, म्हणून बोलले नाही.

बोलली ती माझी मावशी. मावशी टिटवाळ्याला राहते, काका नवीन बिल्डिंगमध्ये वॉचमन आहेत, खाली पंपाच्या बाजूला खोली मिळालेली आहे. मावशी गावाला आलेली तेव्हा दादांना म्हणाली, भाऊजी, पोरगी माझ्याकडं द्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी करून घेते, इथं ठेवून काय लगीन लावून मोकळे होणार का? दादा म्हणाले, लगीन काय वाईट असतंय व्हय? मावशी म्हणाली, माझंच बघा की. यावर दादा उठले आणि माझा शाळेचा दाखला शोधायला लागले. असं करून मी इकडं आलेले. दहावी बाहेरून, बारावी बाहेरून, मावशीनं मला भांड्याला हात लावू दिला नाही परीक्षेत, स्वतःची दोन पोरं, त्यात मी, एकच खोली, तरी कधी तोंड वाकडं केलं नाही. त्या माऊलीचे उपकार मी कधी फेडणार, सांगा तुम्ही. म्हणून मी कुठं तक्रार करत नाही. मला जे मिळालं ते आमच्या गावात कुणाला मिळालं नाही, हे आधी लिहा, मग बाकीचं लिहा.

तर मग कल्याणला नर्सिंगला ॲडमिशन झाली, एएनएम, म्हणजे त्या निळ्या डब्यावाल्या नर्सबाईंचा कोर्स. पहिल्याच दिवशी सांगितलं की आपला कोर्स ब्लेंडेड आहे. मला वाटलं काही तरी चांगली गोष्ट असणार, मी मान हलवली. माझ्या बाजूला प्रज्ञा बसलेली, डोंबिवलीची, आता माझी मैत्रीण आहे ती, ती कानात म्हणाली, अगं, ब्लेंडेड म्हणजे चहापत्तीसारखं, दोन कमी दर्जाचे एकत्र करून भारी नाव द्यायचं. मी हसले नाही, भीती वाटली, म्हणलं ही पहिल्याच दिवशी आपल्याला बाहेर काढायला लावते. म्हणजे शिकवणं मोबाईलवर आणि हाताचं काम हॉस्पिटलमध्ये, असं होतं ते.

तुम्ही विचारलं ना मोबाईलवर शिकायला कसं वाटलं. खरं सांगू का, शिकवायच्या आमच्या मॅडम चांगल्या. आणि माझ्यासारखीला, मधेच शाळा सुटलेलीला, ते बरंच पडतं, कारण वर्गात हात वर करून पुन्हा सांगा म्हणायची माझी छाती नाही, मोबाईलवर मागं नेऊन तेच तेच ऐकता येतं. रक्ताभिसरण मी किती वेळा ऐकलं असेल, मावशीच्या पोरांना पाठ झालं, धाकटा जेवताना म्हणायचा, उजवं अलिंद, उजवं निलय. त्या बाबतीत मी समाधानी आहे, लिहा तसं.

पण आमच्या खोलीला लागून पंप. बिल्डिंगचं पाणी चढवायची वेळ आणि आमच्या लेक्चरची वेळ एकच. पंप सुरू झाला की घर्र घर्र, मॅडम बिचाऱ्या दचकायच्या, म्हणायच्या, कोणाकडे गिरणी चालू आहे, माईक बंद ठेवा बरं. सगळ्या पोरींना कळायचं कोणाकडे ते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी माईक उघडायचाच बंद केला. हजेरीला हात जोडलेलं चित्र टाकायचे, प्रश्न विचारला तर टाईप करायचे, आणि टाईप करेपर्यंत दुसरीनं उत्तर दिलेलं असायचं. प्रॅक्टिकलसुद्धा तसंच. सुई कशी धरायची, दंडाला पट्टा कुठं बांधायचा, शीर कशी दाबून बघायची, हे मॅडम दाखवायच्या आणि आम्ही घरी उशीवर करायचं, मोबाईल डब्याला टेकवून ठेवायचा, मॅडम बघायच्या. मी उशीला ओढणी बांधायचे, तो दंड. सगळं बिनबोलता. मॅडम म्हणायच्या, व्हेरी गुड, हात अजिबात हलत नाही तुझा. खरंच नाही हलायचा. पूर्ण दीड वर्ष मी नर्सिंग शिकले ताई, तोंड न उघडता. त्यात काही चुकतंय असं मला वाटलंच नाही, कुणालाच वाटलं नाही.

मग हॉस्पिटल लागलं ठाण्यात बाळकुमला, टॉवरांच्या मधे आहे, नाव नको. तिथं वॉर्डच्या सिस्टर एकच, आणि पेशंट एवढे, की त्यांना पाणी प्यायला वेळ नाही. आम्हाला रांगेत उभं करून विचारलं, रेग्युलर का मोबाईल? आम्ही म्हणलं, ब्लेंडेड. त्या म्हणाल्या, म्हणजे मोबाईल. मोबाईल बॅच मागे थांबा, बघा, हात लावायचा नाही. तेव्हापासून आमचं नावच पडलं. वॉर्डबॉयसुद्धा म्हणायचा, ओ मोबाईल बॅच, जरा साईडला. सिस्टर वाईट नव्हत्या हां, त्यांचंही बरोबर होतं, आमच्या हातून काही झालं तर बोलणी त्यांना. पण मागे उभं राहून काय दिसतं ताई, पुढच्या पोरीची वेणी दिसते. मी रोज टिटवाळ्याहून एवढ्या लांब वेणी बघायला जायचे. म्हणलं असं कसं चालेल, मला तर गावात एकटीनं करायचंय, तिथं मागं उभं राहायला पुढं कोण असणार आहे?

मग मीच मागं लागले. सिस्टर, एकदा द्या ना, सिस्टर, मी उशीवर लई केलंय. उशीवर म्हणल्यावर त्या हसल्याच. शेवटी एक दिवस म्हणाल्या, चल, ते बाबा शांत आहेत, त्यांना सलाईनची सुई लाव, मी बाजूला उभी आहे.

बाबा म्हणजे तिथलेच, जुने आगरी, एवढे थोरले हात, नांगर धरलेले. मला आदल्या दिवशी सांगत होते, तू उबी हायस ना गो, तिथं आमचा भात व्हता, या खाटेखाली. मी गेल्यावर त्यांनी आपण होऊनच हात पुढं केला, म्हणाले, ये गो बाय, शिक, मना काय नाय होत. असं मला कुणीच म्हणलं नव्हतं. माझ्या डोळ्यात पाणीच आलं, ते मी आत घेतलं आणि काम सुरू केलं. पट्टा बांधला, शीर बघितली, केवढी शीर ताई, दोरीसारखी, आंधळ्यानंसुद्धा धरली असती. कापूस फिरवला. बाबा दुसरीकडं बघत होते, सुनेशी बोलत होते. आणि मी सुई घातली.

सांगितलं नाही. बाबा, टोचतेय हं, हात हलवू नका, एवढं म्हणायचं असतं, कुणीही म्हणतं, आई पोराचा काटा काढताना म्हणते. माझ्या तोंडातून शब्दच आला नाही, कारण माझ्या हाताला बोलत टोचायचं शिकवलेलंच नव्हतं. बाबांनी हात असा झटकला, सुई निघाली, रक्त चादरीवर, माझ्या ड्रेसवर. बाबा ओरडले, अगो सांग तरी, मुकी हायस का? आणि तेव्हाही मी बोलले नाही ताई. सॉरीसुद्धा नाही. तोंड उघडलं, आवाजच नाही. त्यांची सून उठली, म्हणाली, ही कोण आहे, हिला कोणी हात लावायला सांगितला, आमचा माणूस काय तुम्हाला शिकायला आणलाय? बाबाच म्हणत होते, जाऊ दे गो, पोर हाय. पण सून खाली ऑफिसात गेली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सगळ्या बॅचला वॉर्डात पेशंटला हात लावायची बंदी. एकट्या मला नाही, सगळ्यांना. प्रज्ञा म्हणाली, जाऊ दे यार, आधी तरी कुठे लावू देत होते. माझं मन राखायला म्हणाली, पण तिनंच त्या आठवड्यात पहिल्यांदा एका बाईला इंजेक्शन दिलं होतं, आणि दिवसभर मला सांगत होती, अगं, तिला कळलंपण नाही, कळलंपण नाही.

मी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस बेटा, आपण ते तास व्हिडिओवर भरून काढू, दोनदा बघ, म्हणजे झालं. मी म्हणलं, मॅडम, कॉलेजात तो रबरी हात आहे ना, त्याच्यावर तरी. त्या म्हणाल्या, तो कॉलेजची तपासणी आली की दाखवायला लागतो गं, खराब झाला तर? मी म्हणलं, बरं मॅडम, थँक्यू मॅडम. आणि खरंच थँक्यू म्हणलं हां, मनापासून, त्या माझा फोन तरी घेतात. व्हिडिओ आले, आम्ही बघितले, वॉर्डचे तास भरले. काही पोरी खूश झाल्या, जाण्यायेण्याचा त्रास वाचला. तुम्ही त्यांना विचाराल तर त्या म्हणतील लई समाधानी, आणि त्यांचंही खोटं नाही.

मी घरी करून बघितलं. उशीपुढं बसून मोठ्यानं म्हणायचं, बाबा, थोडं टोचेल हं. मावशीची पोरं उशीच्या मागून ओरडायची, आई गं, मेलो, मेलो! मावशी त्यांना लाटण्यानं धमकवायची आणि स्वतःच हसायची. एकदा तिनंच बाही वर केली, म्हणाली, घे, माझ्यावर कर. मी सुई घेतली आणि ठेवून दिली. दोन्ही हातांना एवढी थरथर सुटली की काका म्हणाले, राहू दे गं, नको तिला. माणसापुढं तो न हलणारा हात गेला तो गेलाच.

आता दादांचं सांगते आणि थांबते, तुम्हालाही उशीर होतोय. दादा दर रविवारी फोन करतात. म्हणतात, ग्रामसेवक म्हणला, गावचीच पोरगी नर्स झाली तर उपकेंद्रासाठी वर लिहून बघू. म्हणतात, शेजारची कौसाबाई तुझी वाट बघायली, तिला साखरेचं इंजेक्शन सुरू केलंय, सुनेच्या हातून घेईना, म्हणती आपली नर्स आली का तिच्याच हातून घेणार. म्हणतात, कवा येतीस? मी म्हणते, परीक्षा होऊ द्या दादा. पाठीमागून आईचा आवाज येतो, जेवली का विचारा. मी म्हणते, जेवले.

परीक्षा होईल आणि मी पास होईन, ते मला पक्कं माहीत आहे, कारण तिथं पेशंट नसतो, रबरी बाहुली असते, आणि बाहुलीला सांगावं लागत नाही. नोंदणी होईल, नावाच्या पुढं नर्स लागेल. आणि मी गावाला जाणार नाही. बाळकुमलाच घरोघरी नर्स पुरवणाऱ्या एका ब्युरोमधून काम बघितलंय, टॉवरमध्ये एक आजी आहेत, अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. सुई द्यायची वेळ आली तर ब्युरोची दुसरी नर्स येते. त्या आजींना ऐकू येत नाही. दादांना सांगेन की हॉस्पिटलात लागले, इथं पेशंट लई आहेत, सुट्टी मिळत नाही. ते गावात अभिमानानंच सांगतील. कौसाबाईला काय सांगतील ते मला माहीत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर समाधानी असंच लिहा. पूर्ण समाधानी. मॅडमना वाईट वाटायला नको, कॉलेजनं मला शाळा सुटलेली असून घेतलं, मावशीनं सांभाळलं, मी काय म्हणून नाही म्हणू? फक्त तुम्ही एवढ्या लांब येऊन माझं ऐकून घेतलं, मधे एकदाही थांबवलं नाही, म्हणून देवाकडं तुमच्यासाठी मागते, की तुम्हाला आणि तुमच्या माणसांना दवाखान्याची पायरी चढायला लागू नये, आणि लागलीच तर आमच्या आधीच्या, रेग्युलर बॅचची कुणी सिस्टर ड्युटीवर असो.