घोंगडीतलं अस्वल

दवाखान्याच्या बाकावर दाढ धरून बसलेल्या शिंपीणबाईंना हसणं परवडणारं नव्हतं. पण शेजारीच एक वहिनी सुजल्या पायाच्या धाकट्या दिराला फैलावर घेत होती, आणि बाईंचे कान आपोआप तिकडे वळले.

“वहिनी, डॉक्टरांना शिडीवरून पडलो म्हणून सांग.”

“का? अस्वल झालो होतो म्हणायला लाज वाटते?”

“अगं, आपल्याकडे उतरलेले पाहुणे कुरकुरत होते. जंगलात आलो नि साधं अस्वल दिसलं नाही, म्हणे.”

“म्हणून काळी घोंगडी पांघरून झुडपात शिरलास?”

“तूच मध ठेवू दिला नाहीस! जनावराला आमिष दाखवायचं नाही, असं गावानं ठरवलंय म्हणे.”

“मग स्वतःच आमिष झालास!”

“मला काय ठाऊक, खरं अस्वल मागेच उभं असेल?”

“ते बिचारं तुला बघून पळालं, तू त्याला बघून खड्ड्यात पडलास. पाहुणे मात्र खूश. म्हणाले, दोन अस्वलं दिसली, त्यातलं एक जरा बावळट होतं.”

“हळू बोल! गावाच्या समितीला कळलं तर माझं गाइडचं काम जाईल.”

“कळलंय. मीच सांगितलं.”

“वहिनी! घरच्या माणसाची चुगली?”

“ते अस्वल बिथरून निघून गेलं, तर जन्मभर तू घोंगडी पांघरणार आहेस का?”

“...काय म्हणाली समिती?”

“पाय बरा झाला की जंगलातल्या पाणवठ्याचा गाळ काढायचा.”

“एकट्यानं?”

“एकट्यानं कसं? पाणी प्यायला तुझा भाऊबंद येईलच की.”