आत्या ई-बुक वाचते तेव्हा

माझी पहिली कादंबरी एका प्रकाशकाने घेतली, पण छापायला दोन वर्षं लागतील म्हणाले. बायको म्हणाली, "त्यापेक्षा ई-बुक काढा, महिन्यात होईल." मला मात्र हातात धरता येईल असंच पुस्तक हवं होतं.

तेवढ्यात किन्हवलीला आत्याकडे जाणं झालं. कादंबरी तिच्याच घरावर लिहिलेली. तिला बारीक दिसत नाही, म्हणून कादंबरीची फाइल टॅबवर उघडून अक्षरं मोठी करून दिली. लहानपणी मला शिकवताना फिरवायची तसंच ती ओळीखालून बोट फिरवायला लागली. बोट सरकलं की पान उलटायचं.

"आरं, ह्ये पळतंय कुठं?"

आम्ही सगळे हसत होतो. मग ती एकदम थांबली. त्या पानावर मामा, म्हणजे तिचे यजमान, शेतावरून येऊन ओटीवर बसले होते. मामांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती मोठ्याने वाचू लागली, "'पाणी आण गो.' आसंच बोलायचे रे."

मी म्हटलं, "आत्या, छापील पुस्तक आलं की देतोच तुला. दोन वर्षं लागतील."

"तवर मी काय थांबायची नाय."

प्रकाशकाला मी तिथूनच फोन करून छापील नको, ई-बुकच काढतो म्हणून सांगितलं. पान पुढे सरकवून द्यायला हात पुढे केला, तर आत्याने तो धरला.

"ऱ्हाऊ दे. बसलेत ते, बसू दे."