जीप नंबर तीनचा माइक दबून राहिल्याबाबत

माझे नाव अरविंद यज्ञेश्वर टिल्लू, वय २७ वर्षे, धंदा नोकरी (वायरलेस मेकॅनिक), राहणार फ्रीगंज, उज्जैन. ता. १२ मार्च १९५७ रोजी ठाण्यात समक्ष हजर राहून, आज सकाळी अकरा मिनिटे वायरलेस बंद पडल्याच्या चौकशीकामी विचारल्यावरून जबाब देतो की,

मेळ्याच्या बंदोबस्ताच्या चार जीपगाड्यांवर वायरलेस सेट बसवण्याचे काम माझ्याकडे होते. माइकचा हूक डॅशबोर्डला दोन बोल्टांनी आवळायचा, वायर गियरपासून दूर बांधायची, माइक सीटवर टाकायचा नाही, हे मला हेड ऑपरेटर गोपाळराव खांडवेकर यांनी शिकवले. नव्या लोकांना आता मीच शिकवतो.

काल जीप नंबर तीनला दुसरे भोक पाडताना ड्रिल तुटले. दुसरे आणायला जायचा कंटाळा केला. एक बोल्ट आवळला, दुसरीकडे सुतळी बांधली आणि म्हटले, चलता है, उद्याच्या बंदोबस्ताच्या तालमीपुरते तर आहे. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

आज सकाळी दहा वाजता मी व ड्रायव्हर भँवरलाल तालमीसाठी निघालो. टावर चौकाच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली. सुतळी सुटून माइक दोन सीटांच्या फटीत पडला आणि बटण टॉर्चखाली दबले. हे नंतर कळले. बटण दबलेले असले की आपल्याला कोणाचे ऐकू येत नाही, आपले मात्र सगळीकडे जाते आणि दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. सेटचा सीटखालचा डायनॅमो तेव्हा घरघरतो. तो मला ऐकू यायला हवा होता. मी बोलण्यात होतो.

विचारल्यावरून सांगतो की, चौकात गाडी उभी करून आम्ही इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. गोपाळरावांच्या तब्येतीचा विषय निघाला.

पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, विषय मीच काढला. मी गोपाळरावांच्याच घरात वरच्या खोलीत राहतो, जेवायला त्यांच्याकडेच असतो, त्यांना काका म्हणतो. गेल्या महिन्यात अनसूयाकाकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितले, "अरे, ह्यांना उजव्या कानानं अगदी कमी ऐकू येतं. भोपाळच्या यादीत नाव लागायचंय, अजून डॉक्टरी तपासणी व्हायचीये. तुला घरचा म्हणून सांगते हं, कुठे बोलू नकोस." मी देवाशपथ म्हटले. मध्यभारत राज्य जाऊन मध्यप्रदेश झाल्यापासून नोकरीत कोण राहणार ते भोपाळची यादी ठरवते, आम्हा सगळ्यांचाच जीव त्या यादीत अडकला आहे.

ते मी भँवरलालला हसत हसत सांगितले. नक्कलही करून दाखवली. तो म्हणाला, "जाने दो भैया, बुजुर्ग आदमी हैं." तरी माझे तोंड बंद झाले नाही.

दहा बावीसला शिपाई विष्णू सायकलवर धापा टाकत आला व ओरडला, "अरे, बटन दबा है! पूरा कंट्रोल सुन रहा है!" कंट्रोल रूममध्ये तेव्हा साहेब होते, दोन कारकून होते, आणि सेटवर खुद्द गोपाळराव होते. मी टॉर्च बाजूला करून माइक फटीतून ओढून काढला.

मला आता कंट्रोलची नोंदवही दाखवण्यात आली. दहा अकरापासून दहा बावीसपर्यंतचे अक्षर गोपाळरावांचे आहे. सेटवर जे ऐकू येईल ते लिहायचे, मग ते काहीही असो, असा त्यांचा रिवाज आहे. "जीप तीन: काका के दाएँ कान पे ढोल बजाओ तो भी पूछेंगे, कौन आया." पुढे भँवरलालचे वाक्य आहे. त्याखाली, "जीप तीन: डॉक्टरी में फेल हुए तो कुर्सी मेरी." हे शेवटचे मी वर सांगितले नव्हते. लाज वाटली म्हणून सांगितले नव्हते. मी ते बोललो.

नोंदीत कुठे खाडाखोड नाही. गाडीचे इंजिन चालू, भोवती भर बाजार, तरी एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. पण काकांचे कागद डॉक्टरांपुढे जातील तेव्हा ही नोंदवही सोबत ठेवावी, एवढे माझ्या जबाबात लिहून घ्यावे. ते मी त्यांच्या तोंडावर सांगू शकत नाही.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सगळा ऐकला. मी बोललो तसाच आहे.

सही: अ. य. टिल्लू