तरोट्याले तण कसं म्हनू

मी कुहीकडची, बाई. बाप मी लहान असतानीच गेला, माय दुसऱ्याच्या बांधीत धान रोवन्याले जाये अन् येताना धुऱ्यावरची, म्हंजे शेताच्या कडेची, भाजी खुडून ओटीत आने. तरोटा, घोळ, खापरखुटी. पावसाळ्यात भाजी इकत घ्याची ऐपत कोनाची होती? लसून-मिरची टाकून तरोटा अन् भात, आमी तीन भावंडं त्याच्यावरच वाढलो, खोटं नाई सांगत. बारावीपर्यंत शिकवलं मायनं, लोकं म्हनत, पोरगी शिकून काय कलेक्टर होनार हाये काय.

लग्न होऊन शहरात आली, महाल नावाच्या वस्तीत. एक खोली, नवरा कापडाच्या दुकानात कामाले, सासूले दमा, तिले एकटी सोडून बाहेर कामाले जाता ये नाई. शेजारची पोट्टी म्हने, काकू, मोबाईलवर बसल्या बसल्या काम हाये, फोटो येते, त्यात काय हाये ते सांगाचं अन् बटन दाबाचं. घरच्या घरी काम भेटलं, काय सांगू तुमाले, किती खूश झाली मी. गाड्या, कुत्रे, सिग्नल, सारं केलं. मंग शेतीचे फोटो आले. पीक का तण, एवढंच सांगाचं. फवारनीचं मशीन बनून राहिलं म्हने, ते तण ओळखन अन् तेवढ्यावरच औषध मारन. मी म्हटलं, हे तर आपल्या घरचंच काम झालं.

पहिलाच फोटो तरोट्याचा. मी पीक दाबलं. तिसरं बटनच नाई, अन् जे खाते त्याले तण कसं म्हनाचं? घोळ आली, पीक. खापरखुटी आली, पीक. आठ दिवसात बरोबर उत्तरायचा माया टक्का असा घसरला का काम येनंच बंद. शेजारनीले सासूजवळ बसवलं अन् रामदासपेठेतल्या, काम धाडनाऱ्या कंपनीच्या हापिसात गेली. तिथला साहेब, माया भाच्यायेवढा, म्हने, ताई, एक फोटो पाच जनाइले जाते, जास्त जनं जे म्हनते तेच बरोबर, तुमी एकट्याच पीक म्हनून राहिल्या. मी म्हटलं, साहेब, ते चार जनं कधी शेतात गेले होते काय? म्हने, मले काय माहीत, कोनी कुठचा, कोनी कुठचा. मी म्हटलं, मी खाल्ली हाये ना ते भाजी. तर हासला. म्हने, ताई, मशीनले भाजी नाई खाची.

लय राग आला. पन राग घेऊन जाऊ कुठं, घरी बसून दुसरं काम कोन देते? हात जोडले त्याले, हो, जोडले. त्यानं काम चालू करून देल्लं. तवापासून तरोटा आला का तण, घोळ आली का तण.

परवा एक फोटो आला. तरोट्याचंच झाड, पन कवळे शेंडे नखानं खुडलेले. मले लगेच समजते, जनावर खाते त वरबाडून खाते. म्हंजे फोटोच्या आधी कोनी बाई तिथून भाजी घेऊन गेली होती. मी पाहतच राहिली. इकडे मोबाईलवर खाली सेकंद कमी होऊन राहिले. दाबलं तण.

आता माया टक्का चांगला हाये. साहेब म्हने, ताई, तुमी शिकल्या. काय शिकली, तर माहीत हाये ते न सांगनं शिकली, थू त्या शिकन्यावर. त्या बाईचं नाव नाई मले माहीत, गाव नाई माहीत. तिचे लेकरं पोटभर जेवोत, अन् तिच्या धुऱ्यावर ते मशीन उशिरा पोचो, अजून काय म्हनू.